वहीतला सातवा रकाना

सांता क्लारा खोरं, कॅलिफोर्निया
२६ नोव्हेंबर १९११, रविवार दुपार

प्रिय लुएला,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. चार दिवस ते माझ्या एप्रनच्या खिशात आहे, आणि चारही दिवस मी टाक शाईत बुडवला आणि तसाच पुसून ठेवला. तुला ठाऊकच आहे, मी शाळेची पायरी चढले नाही. बियाणांच्या कॅटलॉगवरून आणि भिंतीला चिकटवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवरून अक्षरं गिरवली. पण पत्र लिहायला कधी मागंपुढं पाहिलं नाही. या खेपेला पाहिलं. आधी माझ्यावर काय कोसळलं ते सांगू दे, मग तुझ्या पत्राकडे येते. क्रम उलटा आहे हे मलाही कळतंय, पण तू सगळं नीट वाच, मधली पानं गाळू नकोस.

इथलं तसं बरं आहे. प्रून वाळवायचे ट्रे धुऊन रचून झाले. रासमुस जर्दाळूची छाटणी करतोय, शिडीवर चढू नकोस म्हटलं की हटकून चढतो. येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, टर्की सांगून ठेवलाय. देवाचे आभार कशाबद्दल मानायचे ते मात्र यंदा जरा शोधावं लागणार आहे.

ऑक्टोबरची ती दहा तारीख आठवते ना, बायकांना मताचा हक्क द्यायचा की नाही यावर पुरुषांनी मतं दिली ती? मला तर सगळा उन्हाळाच आठवतो. जर्दाळू कापायच्या शेडांतून आपण दोघी हिंडलो, तू खोक्यावर उभी राहून बोलायचीस आणि मी खाली पिवळ्या फिती वाटायचे. बायकांच्या हातातली सुरी थांबायची नाही, पण कान तुझ्याकडे असायचे. त्या लाल मिशावाल्या मुकादमानं ओरडून विचारलं होतं, "आजीबाई, बायका मत द्यायला गेल्या तर रात्रीचं जेवण कोण करणार?" मी म्हटलं, "बाळा, मत नव्हतं तेव्हा तू किती वेळा केलंस ते सांग, मग बोलू." सगळी शेड हसली. आणि मग मतमोजणी. शहरातल्या पेट्या आधी उघडल्या आणि वर्तमानपत्रांनी छापून टाकलं की बायका हरल्या. तू माझ्या स्वयंपाकघरात डोकं टेबलावर ठेवून रडलीस. दोन दिवसांनी मळ्यांतल्या आणि डोंगरातल्या पेट्या मोजून झाल्या आणि पारडं फिरलं, तेही जेमतेम. सबंध राज्यात धरलं तर एका पेटीमागं एखादंच मत जास्त. आपल्या पेटीत तिनानं जिंकलो. रासमुस नुसत्या मोज्यांवर शेगडीभोवती नाचला आणि म्हणाला, "त्या तिनातलं एक माझं!"

होरेस गेल्यावर बारा वर्षं मी मळा एकटीनं सांभाळला. पुन्हा लग्न करीन असं ध्यानीमनी नव्हतं. पण रासमुस रोज कुंपणापलीकडून टोपी काढायचा, आणि त्याची बायको गेल्यावर त्या टोपीखालचं डोकं भारी एकाकी दिसायला लागलं. एकोणसाठाव्या वर्षी मी हो म्हटलं. माझ्या टोपीला फुलं तूच टाचलीस. पाद्र्यानं मला दोनच प्रश्न विचारले. या माणसाला पती म्हणून स्वीकारतेस का, आणि सुखदुःखात साथ देशील का. दोन्हींना मी मोठ्यानं हो म्हटलं. तिसरा प्रश्न कुणी विचारला असता, तर मी तोंड उघडण्याआधी दहादा विचार केला असता.

मग ती वही आली. काउंटीचे कारकून मिस्टर पेटीग्रू स्वतः घोडागाडीतून घेऊन आले तेव्हा तू इथंच होतीस. बायकांची नावं बायकांनीच नोंदवावीत म्हणून त्यांनी मला नेमलं आणि उजवा हात वर करायला लावून शपथ दिली. पहिल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं, अल्मायरा लिंगबी. दुसऱ्या ओळीत तुझं. पेटीग्रू जाताना बजावून गेले, की सातवा रकाना विसरू नका. लग्न झालेल्या बाईचा नवरा परदेशी जन्मलेला असेल तर त्यानं नागरिकत्वाचे कागद घेतलेत का, हे त्यात लिहायचं. घेतले नसतील तर ती बाई इथं जन्मलेली असली तरी परदेशी. चार वर्षांपूर्वी वॉशिंग्टनला तसा कायदा झालाय. आपण दोघींनी ते ऐकलं, मान डोलावली आणि पाय फाकवून उभ्या असलेल्या त्यांच्या घोडीबद्दल बोलायला लागलो. कायदा नेहमी दुसऱ्या कुणासाठी असतो, असंच वाटतं माणसाला. माझ्या ओळीत मी बिनदिक्कत लिहिलं, "डेन्मार्क, कागद आहेत." का नाही लिहिणार? माणूस पंधरा वर्षं या खोऱ्यात मतं देतोय.

तू डोंगरातल्या तुझ्या शाळेवर परत गेलीस आणि इथं माझ्या ओसरीवर रीघ लागली. कुणी पीठ लागलेल्या हातांनी, कुणी पोर काखेत घेऊन. जानेवारीत गावाच्या पाण्यावर मतदान आहे. कालव्याचं पाणी पिऊन गेल्या उन्हाळ्यात दोन लेकरं गेली, तेव्हा नळाला हो म्हणायचं म्हणून बायका हिरिरीनं येत होत्या. वाण्याची नवी बायको आली. तीन वर्षांपूर्वी बव्हेरियाहून आलीय, "गुड मॉर्निंग"च्या पुढं तिची गाडी जात नाही, सहीच्या वेळी तिचा हात मी धरला. पण नवरा इथं जन्मलेला, म्हणून बाई अमेरिकन. लिहिलं.

आणि नऊ तारखेला कोरा बेटनकोर्ट आली. कोरा आपली, जिच्या बापानं गावची शाळा बांधली, जिनं प्रचारासाठी चारशे पाव भाजले. तिचा नवरा पोर्तुगालच्या अझोर बेटांवरचा. मी विचारलं, "कोरा, त्याचे कागद?" ती म्हणाली, "कसले कागद? तो गाईंचं दूध काढतो, गाई कागद मागत नाहीत." मी हसले, पण टाक खाली ठेवला. तिला सांगितलं की बाई, तुझं नाव मला लिहिता येत नाही. माझ्या आवाजात किती गोडवा होता म्हणून सांगू! कुणी मेल्यावर समाचाराला आलेल्या माणसासारखा. कोरानं वही स्वतःकडे फिरवली. मग म्हणाली, "मी इथून दोन मैलांवर जन्मले, अल्मायरा. तू आयोवातून आलीस." मी म्हटलं, "कायदा आहे, मी काय करू?" तिनं शालीचं टोक खोचलं, दोन पायऱ्या उतरली आणि मागं वळून विचारलं, "आणि तुझ्या रासमुसचे कागद? डोळ्यांनी पाहिलेस कधी?"

नव्हते पाहिले.

जेवणाच्या वेळी रासमुस आला तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याचा चेहरा उजळला. दुसरा माणूस सोन्याची साखळी दाखवेल तशा ऐटीत त्यानं पलंगाखालचा डबा काढला आणि मेणकापडात गुंडाळलेला कागद माझ्यासमोर उलगडला. नेब्रास्काच्या कोर्टाचा शिक्का, वर गरुड, खाली त्याची पोरगेली सही. मी वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. लुएला, त्या कागदावर रासमुस लिंगबी अमेरिकेचा नागरिक झाला असं कुठंही लिहिलेलं नाही. नागरिक व्हायचा त्याचा इरादा आहे, एवढंच लिहिलंय. त्याला म्हणतात पहिला कागद. त्यानंतर दुसरा घ्यायचा असतो, साक्षीदार नेऊन, न्यायाधीशापुढं. नेब्रास्कात त्या काळी पहिल्या कागदावरच मत देऊ देत, म्हणून या भोळ्या माणसाला वाटलं काम झालं. इकडं आल्यावर कारकुनानं शिक्का बघितला, गरुड बघितला आणि नाव घातलं यादीत. सत्तावीस वर्षं तो कागद उशाशी घेऊन तो परदेशी म्हणून झोपला, आणि गेली दोन वर्षं त्याच्या शेजारी मीही.

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, ती मला खरोखरच सरकताना दिसली. माझा बाप यादवी युद्धात शायलोच्या लढाईत पडला. मी बारा वर्षांची होते. त्याच्या कोटाची बटणं आईला टपालानं आली, त्यांतलं एक अजून माझ्या शिवणाच्या टोपलीत आहे. त्या माणसाची मी मुलगी, आणि मी अमेरिकन नाही! डेन्मार्कचा राजा कोण ते मला ठाऊक नाही. त्यांच्या भाषेतलं मला "पुरे" आणि "आणखी कॉफी" एवढंच येतं, आणि तेही रासमुस म्हणतो की मी घोड्याला हाकारल्यासारखं बोलते. चोरी केली नाही, कुणाला मारलं नाही, देशाला शिवी दिली नाही. एका म्हाताऱ्या माणसाला एकटं जेवताना बघवलं नाही, एवढाच माझा गुन्हा. आणि हे मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. घरातली गाय विकताना गायीला विचारत नाहीत, तसं.

रासमुसला मी नाही नाही ते बोलले.  कागदाची घडी घालत तो एवढंच म्हणाला, "मग ऑक्टोबरमधलं माझं मत?" ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तो टोपी घालून शेरीफकडे निघालाच होता, आपण होऊन सांगायला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. तीन दिवस आम्ही एका टेबलावर बसून भिंतींशी बोललो.

आता जे सांगते ते मी पाद्र्यालाही सांगितलेलं नाही. वही माझी, अक्षर माझं, टाक माझा. पहिल्या ओळीत "कागद आहेत" असं मीच लिहिलेलं, आणि त्याखाली कोण बघणार होतं? कोरानं विचारलं होतं खरं, पण ती तोंडाची फटकळ असली तरी चुगलखोर नाही. मी गप्प बसले. एक दिवस नाही, अकरा दिवस, लुएला. तोंडानं गप्प आणि हातानं चालू, कारण रोज सकाळी मी ओसरीवर बसत होते आणि प्रत्येक बाईला सातवा रकाना विचारत होते. मनाशी म्हणत होते, एकच मत, तेही पाण्यासाठी, मेलेल्या लेकरांसाठी. पाप करायचं असलं की माणसाला लेकरं बरोबर आठवतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला बसले होते मी, स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाला टेकून.

अकराव्या दिवशी एक तरुण बाई आली, नवरा स्विस, कागद नाहीत. मी तिला नाही म्हटलं. ती रडली नाही की भांडली नाही. उलट माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही सांगता म्हणजे तसंच असणार, मिसेस लिंगबी. दुसरं कुणी असतं तर माझा विश्वास बसला नसता." ती फाटकाबाहेर गेली आणि मी वही मिटली. मग रासमुसला हाक मारली, गाडी जुंप म्हटलं.

पेटीग्रूंनी सगळं ऐकून घेतलं. चांगला माणूस आहे, पण चांगली माणसं कायदा वाचून दाखवतात तेव्हा जास्त लागतं. "मॅडम, या घडीला तुम्ही डेन्मार्कच्या प्रजा आहात," असं ते म्हणाले आणि मला इतकं हसू आलं की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावला. रासमुसनं मताचं सांगायला सुरुवात केली तेव्हा ते उठून खिडकीशी गेले, बाहेरच्या जुन्या ओकच्या झाडाकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "या कानानं मला जरा कमी ऐकू येतं, मिस्टर लिंगबी. यापुढं देऊ नका म्हणजे झालं." जुना कागद न्यायाधीश मानेल की नाही सांगता येत नाही. नाही मानला तर पुन्हा पहिल्यापासून, निदान दोन वर्षं. रासमुस नागरिक झाला की त्याच्या मागोमाग मी आपोआप होईन. आपोआप गेलं तसं आपोआप येईल. माझ्या हो-नाहीचा प्रश्न ना तेव्हा होता ना आता आहे. मी नोंदवलेल्या दोनशे बायकांच्या खाली ते स्वतः सही करतील, म्हणजे माझ्यापायी कुणाचं मत बुडणार नाही. मी लपवून ठेवलं असतं आणि नंतर उघड झालं असतं, तर परक्या बाईनं लिहिलेली म्हणून सगळीच नावं बाद झाली असती.  वही उद्या सोमवारी पाद्र्याची बायको न्यायला येणार आहे. तोवर मी नवं नाव लिहायचं नाही. फक्त मागची पानं तपासायची, आणि ज्या बाईचा नवरा परदेशी निघेल नि कागद नसतील, तिच्या नावावर रेघ ओढायची. माझ्या नावावरची रेघ मी त्यांच्यासमोरच ओढली. पट्टी घेऊन, सरळ.

परतताना कोराकडे थांबले. माफी मागायला तोंड उघडणार तोच ती दारातून म्हणाली, "ये, ये, परदेशीणबाई. कुठल्या देशाची कॉफी देऊ?" मी पायरीवरच बसले आणि रडले. तीही बसली. तिचा नवरा आतून घाबरून विचारतोय, "कोण मेलं?" आणि कोरा ओरडून सांगतेय, "आम्ही दोघी! तू दूध बघ, उतू जातंय!" जानेवारीत आम्ही दोघी मतदानाच्या खोलीबाहेर उभ्या राहून आत जाणाऱ्या बायकांना फिती बांधणार आहोत. रस्त्यावर उभं राहायला अजून कागद लागत नाहीत. रासमुसशी मी बोलते आहे. त्यानं काल न्यायाधीशाचे प्रश्न पाठ करायला घेतले, राज्यं किती, राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात. मी विचारते, तो सांगतो. चुकला की मी चिडते आणि उत्तर बरोबर आलं की त्याहून जास्त चिडते, का ते कळत नाही.

आता तुझ्याकडे येते. अभिनंदन, पोरी. हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तू लिहिलंस की अठरा तारखेला तुम्ही दोघांनी गाजावाजा न करता लग्न केलं, घाई एवढ्यासाठी की निवडणुकीआधी तुझं नवं नाव यादीत चढावं, आणि "मावशी, तुमच्या सुंदर अक्षरात लुएला मॅकफी असं लिहा." ॲलिस्टर मी एकदाच पाहिला, पण त्यानं न सांगता माझी पाण्याची बादली उचलली होती, तेव्हा माणूस चांगला आहे. तो कॅनडातल्या ऑन्टारियोचा. तू गमतीनं लिहिलंयस की वडील हयात आहेत तोवर तो इंग्लंडच्या राजाला सोडून यांकी, म्हणजे अमेरिकन, होणार नाही, आणि कॅनडा काय परका मुलूख आहे का. आपल्यासारखंच बोलतात, आपल्यासारखंच खातात, म्हणून तुला त्या वहीतला रकाना आठवला नाही. मलाही नसता आठवला. पेटीग्रूंना चिठ्ठी पाठवून विचारलं, उत्तर काल आलं. कॅनडाही परकाच. ते नवं नाव मला लिहिता येत नाही, लुएला, आणि दुसऱ्या ओळीतलं जुनंही ठेवता येत नाही. अठरा तारखेपासून तू या देशाची राहिलेली नाहीस. खोक्यावर उभं राहून ज्या मतासाठी तुझा घसा बसला, ते तुझ्या हाती चाळीसच दिवस राहिलं. त्याच्याशी काय बोलायचं, त्याच्या वडिलांना काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. तू ये, थँक्सगिव्हिंगला दोघंही या, ओरडायचं असेल तर माझ्या स्वयंपाकघरात ओरड. पाद्र्याची बायको उद्या सकाळी येते. ती तुला ओळखत नाही. तिनं दात कोरत कोरत तुझ्या नावावर रेघ मारावी हे मला बघवलं नसतं, म्हणून आज चर्चमधून आल्यावर ती मी स्वतः मारली, आणि मग हे पत्र लिहायला बसले.

तुझीच,
अल्मायरा मावशी